बी१ नंतर युनिव्हर्सिटीत जर्मन म्हणजे दोन वर्षं फुकट?

वाकोल्याची: काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं की बी१ (जर्मनच्या सहा पातळ्यांतली तिसरी) झालं की पुढचं जर्मन ॲपवर होतं, युनिव्हर्सिटीत नुसत्या कविता वाचून घेतात. डोकंच फिरलं. मी कलिनाला, मुंबई युनिव्हर्सिटीत, जर्मनमध्ये एमए केलंय, आता शिकवते, म्हणून लांबलचक लिहितेय. बी१पर्यंत सगळेच हुशार असतात हो, तिकीट काढा, डॉक्टरकडे जा, सुट्टीत काय केलं सांगा, झालं. पुढे पेपर वाचायला घेतला की कोन्युंक्टिफ आइन्स समोर येतो आणि मंत्री काय म्हणाला नि पत्रकार स्वतः काय म्हणतोय हे नुसत्या क्रियापदाच्या रूपावरून ओळखावं लागतं. आर्टिकल (डेर, डी, दास) आणि नाम यांच्या मधे दीड ओळ कोंबलेली असते. हे कुठलं ॲप शिकवणार? आणि जर्मनीत जर्मन माध्यमात शिकायचं तर बहुतेक ठिकाणी टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत टीडीएन ४ ही पातळी मागतात, तिथे "मला पिझ्झा आवडतो" चालत नाही.

ठाणेकर_बाहेरगावी: महाशय मीच. स्टुटगार्टला आहे. ऑफिसात इंग्रजी, आणि कॅन्टीनमध्ये सगळे श्वेबिश ही तिथली बोली बोलतात जे तुमच्या सिलॅबसमध्ये नाही. माझी मामेबहीण एमए जर्मन, जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्कावर पानंच्या पानं लिहील, पण इथे आली तेव्हा घरमालकाला हीटर बंद आहे हे फोनवर सांगताना घाम फुटला. शेवटी मीच बोललो, माझ्या तुटक्या बी१ मध्ये.

वाकोल्याची: एका मामेबहिणीवरून अख्खं डिपार्टमेंट मोडीत काढलंत, वा.

पनवेल_सिस्टर: आमच्याकडे वेगळंच. २०२४ला राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून प्रत्येक नर्सला जर्मन शिकायचंय. आम्हाला ना काफ्का ना कॅन्टीन, पेशंटची हँडओव्हर लिहिता आली पाहिजे, बस.

निवृत्त_मास्तर: मुळात रोग कुठे आहे ते बघा. मुंबईत अकरावीला पोरं मराठी सोडून जर्मन घेतात ती काय भाषेच्या प्रेमापोटी? स्कोअरिंग म्हणून! मराठी सक्तीचा २०२०चा कायदा दहावीपर्यंत, पुढे रान मोकळं. तीच पोरं मग "आम्ही जर्मन केलंय" म्हणून मिरवतात.

पार्लेकरीण: काका, माझ्या मुलीने घेतलं अकरावीला जर्मन. मराठी घरी बोलतेच की. मार्क नको होते का आम्हाला? पुढे ॲडमिशनला मार्क मोजतात तेव्हा तुमचं भाषाप्रेम कुठे जातं?

निवृत्त_मास्तर: घरी बोलते म्हणजे "आई मी बोर होतेय, फॅन ऑन कर", हेच ना?

पार्लेकरीण: माझ्या मुलीवर घसरायची गरज नव्हती. तुमची नातवंडं कुठल्या मीडियमला आहेत ते सांगा आधी.

निवृत्त_मास्तर: तो विषय नाही.

पार्लेकरीण: हां, मग तोच विषय आहे.

वाकोल्याची: भांडा तुम्ही, पण मास्तरांच्या बोलण्यात तथ्य आहे, वर्गात रोज बघते. "काल बाजारातून आणलेली आणि अजून न धुतलेली भाजी" असं आपण सहज म्हणतो ना? दीड ओळीचं जर्मन विशेषण डिट्टो असंच बांधतात. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, पोटवाक्यात क्रियापद शेवटी तेही ओळखीचं. नीट मराठी वाचणाऱ्या मुलाला हे पटकन दिसतं. जो सगळं आधी इंग्रजीत उलथवून बघतो तो तिथेच अडकतो, आणि बी१ नंतर जी गळती लागते त्यात तेच जास्त असतात. मराठी सोडून जर्मन घेणं हा म्हणूनच डबल तोटा.

ठाणेकर_बाहेरगावी: हे मात्र... बरं, चला, दिलं. पण मग श्रेय मराठीच्या बाईंना द्या, युनिव्हर्सिटीला कशाला? आणि बोलण्याचं काय? ते टाळलंत सोयीस्करपणे.

वाकोल्याची: टाळलं नाही. वर्गात बोलायला वेळ मिळत नाही, खरं आहे. त्यासाठी काला घोड्याला मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या लायब्ररीत जा, तिथे जर्मन बोलायला कोणीतरी गाठा. युनिव्हर्सिटीने काय तुमच्या घरमालकालाही फोन लावून द्यायचा?

ठाणेकर_बाहेरगावी: लावला असता तर मामेबहिणीने माझं डोकं खाल्लं नसतं.

पनवेल_सिस्टर: तुमचं झालं असेल तर कोणाकडे बी२ श्राइबनचे (लेखनाचे) सरावाचे पेपर आहेत का? बाकी तीन मोड्यूल निघाले, हा एकच पास व्हायच्या ६० मार्कांच्या खाली गेला.