जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून वाचनालयात ठेवायच्या आहेत – कशा?

तिफण:
गावातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. नंतर वाचनालयात हेडफोनवर ऐकायची सोय आणि शेजारी छापील ओव्या, असा बेत आहे. मोबाइल पुरेल का? जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात. जातं बाजूला ठेवून नुसतं गाऊन घेतलं तर? छापताना भाषा सुधारायची का? आणि परवानगी कशी घ्यायची?

खुंटा:
जातं बाजूला ठेवू नका. ओवीची लय हाताच्या फेऱ्याला बांधलेली असते. नुसतं बसून म्हणायला लावलं की ओळी सपाट येतात आणि पुढची ओवी आठवत नाही. आधी दळताना घ्या, मग त्याच ओव्या जातं थांबवून शब्दांसाठी पुन्हा घ्या.

रिकामं जातं फिरवायला सांगू नका, दगडावर दगड खरवडतो. धान्याची वैरण मूठमूठ घालत राहिलं तर आवाज मऊ आणि एकसारखा येतो. जात्याखाली गोणपाटाची जाड घडी घाला. माइक जमिनीवर ठेवलात तर घरघर जमिनीतूनच चढते, म्हणून स्टँडखाली दुमडलेली गोधडी ठेवा आणि माइक तोंडाच्या उंचीवर, हातभर लांब धरा. दळणारी पुढे-मागे झुलते. माइक फार जवळ असला की आवाज लहान-मोठा होत राहतो.

मोबाइल चालेल, पण त्यातलं नेहमीचं रेकॉर्डर नको. बऱ्याच फोनमध्ये ते आवाजाची पातळी आपोआप बदलतं. बाई श्वास घ्यायला थांबली की जात्याची घरघर उसळून वर येते. वेव्ह (WAV) फाइल देणारं अॅप घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकच चॅनल) ठेवलंत तर मिनिटाला साधारण ८.६ एमबी, तासाला अर्धा जीबी. सर्वांत मोठा आवाज अॅपमधल्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. घरघर कमी करायचीच तर ऐकवायच्या प्रतीत करा, मूळ फाइलला हात लावू नका.

दप्तरदार:
लिखाण दोनदा करा: गायलेलं आणि सांगितलेलं. गाताना मध्ये ‘बाई’, ‘गं’ येतात, अर्धी ओळ पुन्हा येते. सांगताना तीच ओवी दोन ओळींत संपते. फक्त दुसरी छापली तर हेडफोनवर ऐकणारा कागदावर बोट ठेवूच शकत नाही. ‘व्हता’, ‘न्हाई’ तसंच राहू द्या.

प्रत्येक फाइलला गाणारीचं नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव आणि ओवी कुणाकडून आली, एवढं हवंच. माहेरची नोंद सर्रास राहून जाते. आईकडून, आत्याकडून शिकलेल्या ओव्या लग्नानंतर बाईबरोबर दुसऱ्या गावात येतात, तेव्हा ‘आमच्या गावची ओवी’ ही पाटी जपून लावा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या आजही धडपणे वापरता येतात, त्या गाणारीचं नाव-गाव टिपून ठेवल्यामुळे.

निवड करताना फक्त विठ्ठल आणि भाऊराया ठेवू नका. सासुरवासाच्या, नवऱ्याच्या मारहाणीच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या गाळल्या की ते प्रदर्शन शोभेचं होतं.

मोडीवाला:
‘लोकगीत आहे, कुणाचंच नाही’ हे अर्धंच खरं. शब्द परंपरेचे असले तरी गायन त्या बाईचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं चालतो.

संमती बोलीत वाचून दाखवा आणि तीही रेकॉर्ड करा. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: जपून ठेवणं, वाचनालयात ऐकवणं, इंटरनेटवर टाकणं, दुसऱ्या कुणाला कार्यक्रमासाठी देणं. एकाच ‘हो’मध्ये सगळं गुंडाळू नका. ओवीत जिवंत माणसाचं नाव येत असेल तर आधी गाणारीला ऐकवा, ती म्हणेल तर काढा. तिच्या घरच्या फोनवर एक प्रत देऊन या.

तिफण:
उद्घाटनाला त्याच बायकांना स्टेजवर बसवून साथीला ढोलकी-पेटी ठेवली तर?

खुंटा:
ढोलकी नको. ओवीला मात्रांचा ठरीव ताल नसतो. ओळीच्या शेवटचा सूर श्वास पुरेल तेवढा लांबतो. ढोलकी तो कापते आणि बाई ठेका धरायच्या नादात शब्द चुकते. पेटीचंही तेच, गाणारीची पट्टी सोडून सगळ्यांना पेटीच्या पट्टीत ओढलं जातं. जातं ठेवणार असाल तर पोकळ लाकडी स्टेजवर नको, ते ढोलासारखं घुमतं. पुढे जमिनीवर सतरंजी टाकून बसवा.