मदत हवी आहे : कुलूप लागलेली घरं गावच्या विकास आराखड्यात कशी धरायची?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच वेळ. माझे आईवडील वर्षानुवर्षं कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि मी स्वतः पाचवीपर्यंतचे सगळे हिवाळे फडात काढलेत. नंतर आजीपाशी राहिले म्हणून शिकले. पुढचं सगळं त्यामुळेच लिहिते आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा मांडायचा आहे. त्यासाठी आम्हा सदस्यांचं प्रशिक्षण झालं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ ध्येयं मान्य केली, २०३० पर्यंत ती गाठायची आहेत, आणि आपल्याकडे ती गावापर्यंत आणताना त्यांच्या ९ संकल्पना केल्या आहेत, असं सांगितलं. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव वगैरे. त्यातल्या एक-दोन निवडून गावाने संकल्प करायचा. या सगळ्याचा गाभा एकच, कोणीही मागे राहता कामा नये, असं साहेब म्हणाले. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

गावात आल्यावर गेल्या वर्षीची माहिती काढून बघितली. ती डिसेंबरमध्ये भरलेली. गावात ३१२ घरं आहेत, त्यातली ७४ तेव्हा बंद होती. तांडा तर जवळजवळ पूर्ण. त्या घरांपुढे 'घर बंद' असं लिहिलंय आणि बेरजेत ती कुठेच नाहीत. म्हणून आमच्या गावात शाळाबाह्य मूल एकही नाही. कमी वजनाची बालकं दोन. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण त्याच डिसेंबरात माझ्या चुलतबहिणीची सात वर्षांची मुलगी फडावरच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) बसून धाकट्या भावाला सांभाळत होती.

जी घरं उघडी सापडली त्यांचंही खरं चित्र आलेलं नाही. एका घरी उत्पन्नाच्या रकान्यात सव्वा लाख लिहिलंय. ती मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल आहे! ते कर्ज आहे, नवरा-बायकोने सहा महिने मोळ्या वाहून फेडायचं, आणि फिटलं नाही तर पुढच्या हंगामात चढतं. घराला संडास आहे म्हणून 'आहे' अशी खूण. पण ती बाई नोव्हेंबर ते मार्च जिथे राहते तिथे आडोसाही नसतो.

माझे प्रश्न असे. बंद घरांची माहिती कुणाकडून आणि कोणत्या आधारावर भरता येते? संकल्प कोणता घ्यावा? तालुक्याहून 'स्वच्छ आणि हरित गाव' घ्या असं सुचवलंय, त्यात गुण लवकर मिळतात म्हणे. आणि सरपंचांना भीती आहे की खरी माहिती भरली तर पंचायत प्रगती निर्देशांकात गावाची श्रेणी घसरेल आणि निधी कमी येईल. यात तथ्य आहे का?

दसरा झाला की गाड्या लागतील. हातात तीनच आठवडे आहेत.

निवृत्त_ग्रामसेवक :

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याच भीतीने खोटे आकडे लिहिले जातात. मी नोकरीत असताना तसे लिहिलेले पाहिलेत आणि गप्पही बसलोय. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा (२०२५-२६ पर्यंतचा) श्रेणी बघून येत नव्हता, लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून यायचा. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असायचा, ४० टक्के अबंधित. गावाची श्रेणी खाली गेली म्हणून त्यातला एक रुपया कमी होत नव्हता. चालू आयोगाचा नियमही बघून घ्या. सरपंचांना हे शांतपणे, कागद पुढे ठेवून सांगा.

आता बंद घरं. नव्याने यादी करायच्या आधी दप्तर तपासा. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याचं काम ग्रामसेवकाकडेच दिलेलं आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ तोडीला जाणाऱ्यांची नोंद करून ते द्यायचं असतं. म्हणजे यादी निघाली असली पाहिजे. नसेल निघाली तर तेच पहिलं काम. त्या यादीत प्रत्येक घरापुढे बरोबर जाणारी मुलं, त्यांची वयं, मागे राहणारं माणूस आणि कारखान्याचं गाव, एवढं जोडा.

तांड्यावर संध्याकाळी वस्तीसभा घ्या, आणि २ तारखेच्या आत घ्या. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जे कमी तेवढे लागतात. तांडा आला तर गणपूर्तीचा प्रश्नच राहत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असतेच, ती या वर्षी तांड्यावर घ्या. ठरावात 'स्थलांतरित कुटुंबांची यादी सोबत जोडली आहे व ती आराखड्याचा भाग आहे' हे वाक्य शब्दशः घाला. ठरावाला जोडलेला कागद नंतर सहज गायब करता येत नाही.

ग्रामसंघाची_सखी :

ताई, मी उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, बचतगटांबरोबर काम करते, शेजारच्याच जिल्ह्यात. बचतगटांकडून गावाचा दारिद्र्य निर्मूलन आराखडा तयार होतो आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मिसळायचा असतो. तुमच्या ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे, तो मागा. पण एक सांगते. ज्या बाया तोडीला जातात त्या गटात टिकत नाहीत. सहा महिने बचत चुकते, मग नाव कमी होतं. म्हणजे गरिबीचा आराखडा करणाऱ्या गटातसुद्धा सगळ्यात गरीब बाई नसते. आमच्याकडे आम्ही अशा बायांचा वेगळा गट केला. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बचत करतात, हंगामात सुट्टी. बँकेला समजावायला वेळ लागला, पण गट चालू आहे.

आरोग्यही सोडू नका. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने तुमच्याच जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या बाया गावोगाव आहेत. तिशीतच त्यांची कंबर गेलेली असते. आरोग्यदायी गाव म्हणून लिहिताना त्यांना विचारा, काय होतंय म्हणून.

आकडेमोड :

थोडं वेगळं मत मांडतो. 'स्वच्छ आणि हरित' हा संकल्प वाईट नाही, तालुक्यावर रागावू नका. गुण मिळाले की गावाला हुरूप येतो आणि पुढचं अवघड काम हाती घेता येतं. तसंही पंचायत प्रगती निर्देशांकाचा २०२२-२३ चा पायाभूत निकाल लागला तेव्हा देशातल्या एकाही ग्रामपंचायतीला सर्वात वरची श्रेणी मिळाली नव्हती. सगळेच शिकत आहेत.

उचलीबद्दल मात्र तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक १२ निकषांवर घर मोजतो. त्याप्रमाणे महाराष्ट्रातली गरिबी २०१५-१६ च्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ वर आली. ही घट खरी आहे, गॅस, वीज, बँक खाती घरोघर पोचली. पण त्या १२ निकषांत कर्ज नाही. आणि मालमत्तेच्या निकषात सायकल, दूरदर्शन, मोबाइल यांच्याबरोबर जनावराने ओढायची गाडीही मोजतात. यांतल्या दोन वस्तू घरात असल्या की त्या निकषावर घर वंचित ठरत नाही. गाडीवर ऊस वाहणाऱ्या अनेक जोडप्यांकडे बैलगाडी असते आणि मोबाइलही असतो. म्हणून गावच्या आराखड्यात उचलीचा वेगळा रकाना कराच. तुम्हाला कोणी अडवणार नाही.

कारखान्याच्या_गावचा_मास्तर :

मी दुसऱ्या टोकाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नोव्हेंबरात तुमच्याकडची मुलं आमच्या वर्गात येतात. येतात म्हणजे आम्ही कोप्यांवर जाऊन आणतो तेव्हा. बहुतेकांकडे कागद नसतो, कितवीत आहे हे मूल तोंडी सांगतं.

ताई, एक करा. निघायच्या आधी प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायला मुख्याध्यापकांना सांगा. त्या कार्डावर आम्ही त्याला त्याच वर्गात लगेच बसवू शकतो आणि मार्चमध्ये परत जाताना नोंद लिहून देतो. आणि जी मुलं आजी-आजोबांपाशी राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने आत्ताच पाठवायला हवा. दिवाळीनंतर पाठवलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत मुलं आमच्याकडे पोचलेली असतात. तुम्ही आजीपाशी राहून शिकलात असं लिहिलंय. बाकीच्यांनाही तेवढंच हवंय, आजीच्या घरी दोन वेळचं जेवण.

अंगणवाडीच्या वयाची मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी स्थलांतराची नोंद करणारी शासनाची प्रणाली आहे. अंगणवाडीताईंनी तिथे नोंद केली की इकडच्या अंगणवाडीला कळतं. ताईंना विचारून घ्या.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे दप्तर बघितलं. ओळखपत्रांची यादी होती, पण १९ नावांवर थांबलेली. मी, अंगणवाडीताई आणि तांड्यावरची दोन मुलं मिळून चार संध्याकाळी फिरलो. ७४ घरांची यादी झाली, बरोबर जाणारी मुलं ५८. त्यातली ३१ राहू शकतात असं आजी-आजोबांनी सांगितलं, जेवणाची सोय झाली तर. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी परवा पाठवला. काही मुकादमांनी यादीत नाव द्यायला लोकांना नको म्हटलं होतं. तेव्हा तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर स्वतःचं नाव पहिलं लिहायला लावलं, मग बाकीचे बोलले.

उचलीचा रकानाही केला. आकडे इथे लिहीत नाही, लोकांनी विश्वासाने सांगितलेत.

आकडेमोड, 'स्वच्छ आणि हरित' वाईट नाही हे तुमचं म्हणणं पटलं. तरी आम्ही दुसरे दोन संकल्प घेतोय, 'गरिबीमुक्त' आणि 'बालस्नेही'. स्वच्छतेची कामं बांधलेल्या निधीतून होतीलच. सरपंच तयार झाले आहेत. महिलांची सभा तांड्यावर २९ तारखेला आहे.

एक गोष्ट अडली आहे. ५८ पैकी १४ मुलांचे आईवडील यंदा बेळगावकडच्या कारखान्यांना जाणार आहेत. त्यांच्यामागे घरी कोणी म्हातारं माणूसही नाही. शिक्षण हमी कार्ड तिकडच्या शाळेत चालतं का, आणि जवळपास मराठी शाळा असलेले कारखाने कोणते? सीमाभागातलं कोणी शिक्षक इथे असेल तर कृपया लिहा. ही कुटुंबं दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघणार आहेत.