उत्तर: कांद्याच्या भावाचा तक्ता आपोआप वाढता ठेवणे

एक्सेलमध्ये लासलगावचे रोजचे कांद्याचे भाव खाली भरले तरी आलेख जुन्याच तारखेला थांबतो, ही तुमची अडचण. यासाठी आधी कोणीतरी ऑफसेटचं सूत्र सुचवलंय, म्हणजे ठरावीक सेलपासून मोजून हवा तेवढा भाग निवडणारं सूत्र. ते बरोबर आहे, पण सुरुवात तिथून करू नका. आधी सगळा डेटा निवडून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं एक्सेल टेबल होईल. त्यावर आलेख काढला की टेबलाला लागून खाली भरलेली प्रत्येक नवी ओळ आलेखात आपसूक येते. बऱ्याच लोकांचं काम इथेच भागावं.

फक्त शेवटच्या 30 नोंदी दाखवायच्या असतील तर मात्र ऑफसेट वापरा. नेम मॅनेजरमध्ये (सेलच्या भागांना नावं देण्याची एक्सेलमधली सोय) तारीख आणि भाव अशी दोन नावं करा. प्रत्येक नावात ऑफसेटचं सूत्र असं: शीर्षकाच्या सेलपासून काउंटए (रकान्यातले भरलेले सेल मोजणारं सूत्र) वजा 30 इतक्या ओळी खाली, आणि उंची 30 ओळी. मोजणी दोन्ही नावांसाठी तारखेच्या रकान्यावरच करा. लिलाव बंद असलेल्या दिवशी भाव रिकामा राहतो, त्याच रकान्यावर मोजलं तर दोन्ही रांगा एकमेकींपासून सरकतात आणि चुकीच्या तारखेला चुकीचा भाव दिसतो. शेतकरी हा आलेख बघून माल विकायला काढायचा की कांदाचाळीत साठवून ठेवायचा ते ठरवणार असेल, तर हे जपायलाच हवं.

आलेखात नाव देताना त्याआधी फाइलचं नाव आणि उद्गारचिन्ह लागतं. नुसतं नाव एक्सेल स्वीकारत नाही.

बंद दिवशी शून्य मात्र भरू नका, रेघ थेट तळाला जाते.