मदत हवी आहे: आईचा खुबा दुखतोय, एमआरआय करावा का?

नमस्कार मंडळी. आई 61 वर्षांची. दिवाळीपासून उजवा खुबा दुखतोय. घरात सगळे 'कंबर धरली' म्हणतात, पण नेमकं कुठे विचारलं की ती बोट जांघेत ठेवते. मला कळलंय ते असं: जांघेतलं दुखणं बहुधा सांध्याचं, बाहेरून दुखून त्या कुशीवर झोपवत नसेल तर तिथल्या स्नायूंचं, कुल्ल्यातून पायात कळ उतरत असेल तर मणक्याचं. आईला मांडी घालून बसवत नाही, पायाची नखं काढायला वाकवत नाही.

एक्स-रे नॉर्मल आला. 'वयोमानाने होतं' म्हणून गोळ्या मिळाल्या. मला काही ते पटलेलं नाही. कोविडमध्ये तिला स्टेरॉइड्स दिली होती, आणि त्यामुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला (एव्हीएन), तर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

कुणाच्या घरी असं निघालंय का? एमआरआयसाठी डॉक्टरांकडे आग्रह धरावा, की आधी फिजिओथेरपी करून बघावी? काठी डाव्या हातात धरली की तिला बराच आराम पडतो, पण चारचौघांत घेत नाही (यावरही उपाय सुचवा!). मालिशवाल्यांचे नंबर मात्र नकोत. नाशिकमधले खुब्याचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर मेसेज करा.