कामाच्या मावशींचा आरोग्यविमा: हप्ता मी भरणार, पॉलिसी कोणाच्या नावावर? मदत हवी आहे

पाऊलवाट
धुणंभांडी आणि पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा आरोग्यविमा काढायचा आहे. वय ४६, रोज बीपीची गोळी. नवरा ५१, रंगकाम करतो. राहायला पुण्यात, रेशनकार्ड केशरी, पण गावचं (सोलापूर जिल्हा). हप्ता वर्षाला १५ हजारांपर्यंत मी भरेन. माझ्या पॉलिसीत त्यांना घालता येईल का? मला करसवलत मिळेल? आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) काही होतं का?

दगडफूल
ईएसआय नाही. ते दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतं, घराला नाही. आयकराची ८० डीची सवलतही नाही; ती स्वतः, जोडीदार, अवलंबून मुलं आणि आईवडील यांच्याच हप्त्यावर मिळते.

पॉलिसी मावशींच्याच नावावर काढा, प्रपोजर (अर्जदार) त्याच. फ्लोटरच्या (कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीच्या) फॉर्मात नातं लिहावं लागतं आणि त्या यादीत घरकामगार सहसा नसतात. म्हणून ‘आत्या’ वगैरे लिहून मोकळे होऊ नका, क्लेमच्या वेळी आधार कार्ड मागतातच. हप्ता परक्याच्या कार्डावरून आला तर कंपनी तो नाकारू शकते. तेव्हा रक्कम त्यांच्या बँक खात्यात टाका आणि तिथून भरा. केवायसी सक्तीची आहे; पॅन नसेल तर फॉर्म ६० (पॅन नसल्याचं घोषणापत्र).

मोबाइल नंबरही त्यांचाच द्या. एजंट सोयीसाठी तुमचा टाकतो. मग ओटीपी तुम्हाला, आणि मावशी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत.

कोरा_चहा
विम्याआधी रेशनकार्ड काढून बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्यासकट सगळे कार्डधारक बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कार्ड गावचं चालतं, फक्त महाराष्ट्रातलं हवं. घोडं अडतं ते नावावर: लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं, सासरच्या कार्डात चढवलंच नाही. किंवा कार्डावर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनंदा’. हे आजारपणात दुरुस्त होत नाही, आत्ताच करून घ्या.

योजना फक्त अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात आणि ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. दाखल होताना आधी आरोग्यमित्राचं (रुग्णालयातला योजनेचा माणूस) टेबल गाठायचं. बिल भरून मागाहून पैसे मागायची सोय नाही. चौकशीला १५५३८८.

पाऊलवाट
कार्डात नाव आहे, बघितलं. तरी वरून ३ लाखांची पॉलिसी घेते. एजंट म्हणतो बीपी लिहू नका, हप्ता वाढेल.

दगडफूल
एजंट बदला. बीपी लिहिला तर त्यासंबंधीच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, एवढंच. लपवला आणि उद्या हृदयाचा त्रास झाला, तर डिस्चार्ज कार्डावर ‘बीपी ६ वर्षांपासून’ हे डॉक्टरच लिहितात. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, सगळं फॉर्मात भरा. फॉर्म मावशींना वाचून दाखवा, सही त्यांची आहे.

अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशय काढणं यांना साधारण दोन वर्षं.

‘आरोग्य संजीवनी’ (सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणारी पॉलिसी) घेतलीत तर खोलीभाडं बघा. मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. ३ लाखांवर म्हणजे ५,०००. खोली ७,५०० ची घेतली की खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापतात: सर्जन आणि थिएटरचे ६०,००० झाले तर ४०,००० च धरतात, वर ५ टक्के को-पे, म्हणजे तो वाटा आपल्या खिशातून. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री नाही. मावशींना एकच सांगून ठेवा, जनरल वॉर्ड किंवा शेअरिंग.

कोरा_चहा
हप्ता वार्षिकच भरा. मासिकात मुदतीनंतर १५ दिवसच सवलत, वार्षिकात ३०. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कोणी हप्त्यावर १८ टक्के लावत असेल तर विचारा.

मावशींनी काम सोडलं तरी पॉलिसी त्यांचीच राहते. पुढचा हप्ता कोण भरणार हे मात्र आजच ठरवा. पॉलिसी तुटली की थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

आणि नवरा परांचीवर चढून रंग देत असेल तर बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून द्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कापतात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी.