बाबांची फियाट आणि फक्त नंबर मागणारा माणूस

पाण्याच्या_टाकीशेजारी

नमस्कार मंडळी. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमची फियाट ११०० डिलाइट, १९६९ चं पासिंग. बाबांनी ती १९७८ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली. एरंडवण्यात सोसायटीच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीशेजारी सतरा वर्षं उभी आहे. टप कबुतरांनी पांढरा केलाय, चारही टायर जमिनीला बसलेत आणि डिकीत मांजरीची किमान तीन बाळंतपणं झाली आहेत. बाबा २०१९ मध्ये गेले. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे, तर सेक्रेटरींनी 'महिन्याभरात हलवा' म्हणून चिठ्ठी दिली.

भंगारवाला येऊन गेला. बॉनेटवर दोन थापा मारल्या, म्हणाला, "अठरा हजार. सीटा तुम्हीच काढून ठेवा."

चार दिवसांनी दुसरा एक गृहस्थ आला. याने बॉनेट उघडलंच नाही. गुडघ्यावर बसून खिशातल्या रुमालाने मागची नंबरप्लेट पुसली. काळ्या पत्र्यावर पांढरे, पेंटरने हाताने काढलेले आकडे, दोनाची शेपूट जरा लांबलेली. बोटांवर बेरीज केली आणि म्हणाला, "नऊ येतात." मग साठ हजार देतो म्हणाला. कशाचे? तर आरसी बुक, दोन्ही नंबरप्लेटा आणि बॉनेटखाली रिव्हेट मारलेली ती छोटी पट्टी. "गाडी तुम्ही खुशाल भंगारात घाला, मला नको."

आई आतूनच म्हणाली, "गाडी नको आणि नंबर हवा? हे कसलं गिऱ्हाईक?"

मला मात्र साठ हजार दिसत होते, खोटं कशाला बोलू. इंग्लंडमध्ये नंबर वेगळे विकतात असं ऐकलं होतं. तसंच काही असेल का? नंबरला खरंच एवढी किंमत असते?

---

रविवारचं_गॅरेज

त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका.

त्याला नंबर नकोच आहे, बेरीज नऊ वगैरे तुम्हाला खूश करायला. त्याला हवी आहे ती पट्टी. फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते; बॉडी हीच चासी. चासी नंबर (प्लेटवरचा नव्हे) पत्र्यावर ठोकलेला असतो आणि शेजारी त्याचीच पट्टी. त्याच्याकडे दुसरी एखादी फियाट असणार, चकचकीत पण बिनकागदाची. तुमची पट्टी तिच्यावर बसवायची, पत्र्यावरचा चासी नंबर घासून तुमचा ठोकायचा, की झाली ती तुमच्या बाबांची गाडी. हा सरळ गुन्हा आहे. उद्या ती कुठे सापडली तर पोलीस बुकावरचं नाव बघून तुमच्याकडेच येणार.

आता मला सांगा, फ्लोअर सडलाय का? गालिचा उचलून पेडलखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला तर एक गोष्ट, टणक लागला तर वेगळी. सतरा वर्षं उभी म्हणजे इंजिन जाम असेल, पण ते १०८९ सीसीचं इंजिन सुटतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, आठवडाभर विसरून जा. घाईघाईने धक्का मारून गिअर टाकू नका. पार्ट नाना पेठेत विचारा, नाहीतर बुधवार-रविवार जुना बाजार आहेच.

---

खिडकी_नंबर_सात (निवृत्त, पण सवय जात नाही)

वरच्यांशी सहमत. कागदाचं मी सांगतो.

आपल्याकडे नंबर ही प्लेटीसकट विकायची वस्तू नाही. पसंतीच्या नंबरासाठी लोक पैसे मोजतात ते सरकारला. पुण्यात चारचाकीच्या ०००१ ची फी २०२४ पासून ६ लाख आहे. तुमच्याकडून कोणी प्लेट नेली म्हणून नंबर त्याचा होत नाही.

आधी गाडी आईच्या किंवा तुमच्या नावावर करा. मालक गेल्यावर तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. तुम्ही उशीर केलाय, दंड होईल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र जोडा. बुक जुनं असल्यामुळे नोंद बहुधा कॉम्प्युटरवर नसेल. संगम पुलाजवळ आरटीओत जाऊन आधी बॅकलॉगची, म्हणजे जुन्या बुकाची कॉम्प्युटरवर, नोंद करून घ्या, नाहीतर ऑनलाइन अर्ज पुढे सरकतच नाही.

आता खरी गोष्ट. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो. तुमची १९६९ ची, म्हणजे बाबांचा नंबर राहू शकतो. मात्र मग ती भाजी आणायला नेता येणार नाही: रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच.

रोज वापरायची तर नेहमीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी २०२५ पासून १० हजार आहे, शिवाय उशिराचे महिन्याला ५०० रुपये. सतरा वर्षांचा गुणाकार घरी करू नका, काउंटरवर किती धरतात ते विचारा.

आणि भंगारातच द्यायची तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि बुक आरटीओत जमा करा. अठरा हजार घेऊन बुक कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट.

---

लेस्टरची_वहिनी

माहेर सदाशिव पेठ, सध्या मुक्काम लेस्टर. इथलं सांगते.

हो, इथे नंबर गाडीपासून सोडवून विकता येतो, ८० पौंड फी भरून. २०१४ च्या लिलावात '२५ ओ' हा नंबर ५ लाख पौंडांवर गेला होता, कारण फेरारी २५० वाल्यांना तो हवा होता. त्यामुळे इथेही गंजलेली गाडी सापडली की लोक आधी प्लेटच बघतात. पण १९८३ पर्यंत ज्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर गेली नाही, त्यांचा जुना नंबर पुराव्यानिशी परत मागता येतो आणि असा परत मिळालेला नंबर त्या गाडीवरून हलवता येत नाही. केवळ नंबरासाठी गाडी उकरून काढणाऱ्यांचा बंदोबस्त तिथेच केलाय.

---

कट्ट्यावरचा

अवांतर: मूळ नंबर ४१४१ (आकडे जरा वळवले की 'दादा') असता तर साठ नाही, सहा लाख आले असते. आमच्या आळीत 'दादा' लिहिलेली प्लेट लावायला माणूस दंडाच्या पावत्या फ्रेम करून ठेवतो.

---

पाण्याच्या_टाकीशेजारी

सगळ्यांचे आभार. त्या गृहस्थाला फोनवर नाही म्हटलं. त्याने दोन मिनिटांत साठाचे पंचाऐंशी केले, तेव्हा उरलासुरला संशयही गेला.

काल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. ड्रायव्हरच्या बाजूला टणक. पलीकडे मात्र मुठीएवढं भोक, त्यातून सोसायटीचं गवत वर आलंय. गॅरेजवाले, हे एवढं चालतं का?

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक पिवळं फडकं मिळालं, घडी घातलेलं. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना गाडी बंद पडायची. पेट्रोल पंप तापायचा म्हणून बाबा हे फडकं ओलं करून त्याच्यावर गुंडाळायचे आणि आम्ही रस्त्याकडेला काकड्या खात बसायचो. आईने ते हातात घेतलं, वास घेतला, म्हणाली, "धुऊ नकोस." मग काही वेळाने, "फॉर्म ३१ वर माझं नाव घाल."

सेक्रेटरींकडून आणखी दोन महिने मागून घेतलेत. कोथरूड-वारजे भागात पत्र्याचं काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर निरोप करा.

---

रविवारचं_गॅरेज

मुठीएवढं चालतं. मला फोटो पाठवा, आणि तेवढे दिवस ती पट्टी कुणाला दाखवू नका.