पंतप्रधानांना एकच पुस्तक द्यायचं झालं तर? (अनुभव धागा)

चहाटळ
कॅनडात यान मार्टेल म्हणून लेखक आहे, लाइफ ऑफ पाय वाला. २००७ मध्ये त्याने तिथले तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांना दर पंधरा दिवसांनी एक पुस्तक आणि सोबत ते का वाचावं हे सांगणारं पत्र असं पाठवायला सुरुवात केली, आणि हे चक्क २०११ पर्यंत चाललं. पहिलं पुस्तक टॉलस्टॉयचं, मरणाला टेकलेल्या एका न्यायाधीशाची गोष्ट, बारीकशीच. ऑफिसातून मोजकी पोचपत्रं आली, साहेबांचं स्वतःचं एक अक्षर नाही. गंमत म्हणजे त्याच काळात शेजारच्या देशातून ओबामांनी लाइफ ऑफ पाय मुलीबरोबर वाचून त्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली.
तर आपल्या पंतप्रधानांना, आजचे असोत की उद्याचे, तुम्ही काय द्याल? नुसत्या याद्या नकोत, त्या खूप झाल्या. कधी कुठल्या पुढाऱ्याला, अगदी सरपंचाला का होईना, पुस्तक दिलं असेल, पत्र लिहिलं असेल तर ते सांगा. पक्ष मात्र चपलांसारखे दाराबाहेर काढून या.

पांढरं सोनं
यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिकवते. पत्रलेखनाच्या धड्याला मी आठवीच्या पोरांना खरीखुरी पोस्टकार्डं दिली आणि म्हटलं पंतप्रधानांना एक पुस्तक सुचवा, कारण लिहा. अर्ध्या वर्गाने श्यामची आई लिहिलं, मॅडम खूष होतात हे त्यांना पक्कं माहीत. एक पोरगा उठून विचारतो, मॅडम पुस्तक छापलेलंच पायजे का? म्हटलं नाही रे, तर त्याने लिहिलं की आमच्या घरची कृषी केंद्राची उधारीची वही वाचा. दुसऱ्या दिवशी मला दाखवायला घेऊनच आला. लाल कापडी पुठ्ठा, डावीकडे तारखा, जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या आणि डीएपी, जुलैत दोन-चार ओळी, ऑगस्टपासून मग पानंच्या पानं फवारणीची, बोंडअळीच्या औषधांची नावं दुकानदाराने लिहिलेली म्हणजे अर्धी वाचता येत नाहीत, आणि जमेच्या बाजूला सगळं कोरं, थेट दिवाळी उलटल्यावर एक आकडा, कापूस विकल्याचा, तोही खर्चाच्या बेरजेपेक्षा कमी. पान उलटलं की सगळ्यात वर 'मागील बाकी'. आणि पुन्हा जून. मी मराठी शिकवते, पण असं घट्ट कथानक मला पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटलं.

दाखल क्रमांक
तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे पुढाऱ्यांना दिलेल्या पुस्तकांचं पुढे काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल 😄 २०१७ मध्ये पंतप्रधानांनीच सांगितलं होतं की स्वागताला बुके नको, बुक द्या. तेव्हापासून आमच्याकडे खोकी येतात. पीए गाडी लावतो, पोरं खोकी उतरवतात, फोटो होतो. आत 'सप्रेम भेट' चिकटवलेली पुस्तकं, बरीचशी प्लास्टिकसुद्धा न फोडलेली, अग्निपंखच्या तर इतक्या प्रती की आता मी शाळांना वाटतो. देणाऱ्यानेही वाचलेलं नसतं हो, किमतीचं लेबल नखाने खरवडलं की संपलं त्याचं काम. पण एकदा एका खोक्यात एक पुस्तक निघालं, मधल्या पानात विमानाचा बोर्डिंग पास खूण म्हणून घातलेला, आणि पुढे शेवटच्या प्रकरणापर्यंत पेन्सिलच्या रेघा. पुस्तक होतं दीडशे पानांच्या आतलं. म्हणून माझी शिफारस आधी जाडीची, मग लेखकाची: मुंबई-दिल्ली विमानात संपेल असं द्या. बनगरवाडी बसते त्यात. नवखा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. सरकारी माणूस गावात नक्की काय करू शकतो आणि काय नाही, दोन्ही आहे त्यात.

भुईकोट
मी नगरचा (आता अहिल्यानगर). आमच्या किल्ल्यात नेहरू १९४२ ते ४५ कैदेत होते, डिस्कव्हरी ऑफ इंडिया तिथेच लिहिलं. मौलाना आझादही तिथेच होते, त्यांच्या गुबार-ए-खातिर मधली पत्रंही तिथलीच. तिकडे टिळकांचं गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगातलं. म्हणजे आपल्या नेत्यांचं दणकून वाचन झालं ते आतच, बाहेर फाइली आणि सभा. कुणी आत जावं असं म्हणत नाहीये हां! पण पदावर बसलेल्याला पुस्तक पाठवणं म्हणजे उशीर झाला. मी कॉलेजात निवडणुका लढवणाऱ्या पोरांना देतो, झेडपीला पडलेल्या उमेदवारांना देतो. पडलेला माणूस फार मन लावून वाचतो, स्वानुभव आहे.

भागानगरी
हैदराबादकर मराठी. आमच्याकडे या विषयाला एकच उत्तर, पी. व्ही. नरसिंह राव. पंतप्रधान झाले १९९१ ला, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत आणली होती. अनुवाद करायचा म्हणजे प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं, त्यातल्या विधवा यमूचं केशवपन होतं ती पानं या माणसाने स्वतःच्या हाताने दुसऱ्या भाषेत लिहून काढली असणार. पुढे त्यांनी काय केलं काय नाही यावर घरोघरी भांडणं होतील, ती इथे नको. मी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते तेव्हा तेलुगू मैत्रिणींना हे सांगते आणि त्यांना खोटंच वाटतं. तर माझी सूचना, पंतप्रधानांना पुस्तक वाचायला नका देऊ, अनुवाद करायला द्या. वर्षाला दहा पानं केली तरी चालेल.

शेंगदाणा
कादंबऱ्या कशाला? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल द्या. झोप येते म्हणाल तर शेतकऱ्याचा असूड द्या, १८८३ चा आहे आणि कर, कर्ज, कारकून सगळं आहे. शिवाय जोतीरावांनी तो पोस्टाने पाठवला नव्हता, बडोद्याला सयाजीरावांना त्यातला भाग वाचून दाखवला होता. समोर बसून वाचलं की राजाला पान उलटता येत नाही.

धरणाखालचा
शेंगदाणा, वाचून दाखवण्यावरून लिहितो. आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. आजोबांना डोळ्याने दिसेना तेव्हा मी त्यांना झाडाझडती वाचून दाखवायचो, विश्वास पाटलांची, धरणाने उठवलेल्या लोकांची. म्हातारा रडेल बिडेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! ते ऑडिटला बसल्यासारखे, थांब, दाखल्याला आधी तलाठ्याकडे जावं लागतं, हां बरोबर, पुढे वाच. कचेरीतले प्रसंग आले की मान हलवायचे आणि दर वेळी विचारायचे, मग मिळाला का त्याला कागद? माणूस मेला जगला हे नंतर. मला वाटतं पंतप्रधानांना हीच द्यावी, पण शेजारी एक असा म्हातारा बसवून.

चहाटळ
@पांढरं सोनं, उत्तर आलं का पोरांना?

पांढरं सोनं
छे. पण पोस्टकार्ड उघडंच असतं ना, आमच्या पोस्टमनने सगळी वाचली. वर मला रस्त्यात थांबवून, त्या पोरीने लिवलेलं ते स्मृतिचित्रे तुमच्याकडे हाय का म्हणून घेऊन गेला. अजून परत आलेलं नाही.

रायवळ
अरे, मुळात राजासाठीच लिहिलेलं पुस्तक आपल्याकडे आहे की. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, मराठेशाहीतलं, राज्य कसं चालवावं ते सांगणारं. आमच्या रत्नागिरीत हायवे रुंद होताना जुनी झाडं गेली, माझ्या आत्याच्या दारचा आंबा पण. मोबदल्याच्या कागदावर त्याची नोंद काय, तर 'झाड, एक'. आत्या म्हणाली, लावला माझ्या सासऱ्याने, राखण केली मी, आणि हे कोण एक म्हणणार? मी तिला आज्ञापत्रातलं ते आरमाराचं प्रकरण वाचून दाखवलं. जहाजांना लाकूड लागतं हे खरं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालेलं झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यायचं, जबरदस्ती अजिबात नाही. आत्या म्हणे, हे कुणी लिवलंनी, आमदाराला पाठव. पाठवलंय, झेरॉक्स काढून. दिल्लीला पाठवायचं तर अख्खं पुस्तक पाठवा पण खूण आरमाराच्या प्रकरणातच घाला, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.